रीजंट्स कॅनॉलवरचा एक दिवसाचा दौरा

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कालवा दाखवायला नेऊ नये. तो पाणी बघत नाही, गळती बघतो. आमच्या हिनं भाच्याला फोनवर आधीच बजावलं होतं, तरी त्यानं नेलंच.

भाचा आणि भाचेसून लंडनमध्ये बोटीवर राहतात. घरभाडं परवडेना म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी नॅरोबोट घेतली. लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सात फुटांनाही दोन इंच कमी. माझ्या बहिणीनं ही बातमी नातेवाइकांत वर्षभर दडवून ठेवली होती, 'पोरगं पाण्यात राहतं' असं कसं सांगायचं म्हणून. अशा बोटींना स्वतःची कायमची जागा नसेल तर १९९५च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांच्या वर थांबता येत नाही. मेंढपाळांच्या वाड्यासारखं चौदा दिवस झाले की बिऱ्हाड हलवायचं. यांचे चौदा दिवस केन्सल ग्रीनला भरत आले होते आणि आता पूर्वेला व्हिक्टोरिया पार्कला जायचं होतं. "मामा, तुम्ही शुक्रवारी या. शनिवारी बोट हलवू, तुमची सहल होईल आणि मला दोन माणसं मदतीला मिळतील," असा त्याचा हिशेब.

आदली रात्र

जेवायचं टेबल खाली पाडलं की पलंग होतो. त्यावर आम्ही दोघं. पाणी टाकीत भरून आणावं लागतं, म्हणून भाचेसून दोन तांब्यांत आंघोळ उरकते. नाशिकला माहेरी हे तिला कधी जमलं नव्हतं. संडासाची डबी भरली की ठरलेल्या ठिकाणी हातानं नेऊन रिकामी करायची. बोटीवर राहणं फार रम्य वगैरे वाटत असेल त्यांनी ही डबी एकदा उचलून बघावी. बाकी झोप मात्र छान लागली. शेजारून कुणी पळत गेलं की बोट किंचित हलते, एवढंच.

सकाळी सात : केन्सल ग्रीन ते लिटल व्हेनिस

तारीख १२ जुलै. पुण्याच्या माणसाला, त्यातून धरणं-कालवे सांभाळलेल्याला, ही तारीख सांगावी लागत नाही. १९६१ साली याच दिवशी पानशेत फुटलं. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आई मला कडेवर घेऊन पर्वतीकडे पळाली होती, हे तिच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मलाच आठवतं असं वाटतं.

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "हे पाणी येतं कुठून?" गडी तीन वर्षं या पाण्यावर राहतोय आणि म्हणतो, "पावसाचं असेल." मी वाचून गेलो होतो. या कालव्याला पाणी कमी पडायला लागलं म्हणून १८३५ साली वायव्येला ब्रेंट नदीवर धरण बांधलं. शेतीला नाही, प्यायला नाही, बोटी तरंगाव्यात म्हणून धरण! आणि १८४१च्या जानेवारीत अतिवृष्टीनं तेही फुटलं, माणसं गेली. त्यानंतर तिथं देखरेखीला माणूस नेमला. आधी फुटायचं आणि मग चौकीदार ठेवायचा, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

इंजिन सुरू झालं. टुक-टुक-टुक-टुक, जुन्या डिझेल पंपासारखं. वेगमर्यादा ताशी चार मैल, बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याच्याही निम्म्यानं जायचं, नाहीतर खिडकीतून डोकं बाहेर येतं आणि "हळू!" अशी आरोळी. काठावरून धावायचा व्यायाम करणारी मंडळी आम्हाला मागे टाकत होती. एक आजोबा कुत्र्याला फिरवत फिरवत पाऊण तास आमच्या बरोबरीनं चालले आणि शेवटी वळताना त्यांनी टोपी उंचावून निरोप घेतला.

लिटल व्हेनिसला त्रिकोणी तलावासारखा विस्तार आहे, मध्ये झाडांचं बेट. इथवर आलो तो पॅडिंग्टनचा फाटा, १८०१चा. इथून सुरू होतो रीजंट्स कॅनॉल. कॅम्डेनपर्यंतचा भाग १८१६ला आणि थेट टेम्सजवळच्या लाइमहाउसपर्यंतचा पूर्ण कालवा १८२०ला खुला झाला. अभियंता जेम्स मॉर्गन. लांबी पावणेचौदा किलोमीटर. म्हणजे आमच्या मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या एखाद्या वितरिकेएवढी.

स्वतःची बोट किंवा बोटवाला भाचा नसेल तर लिटल व्हेनिसहून कॅम्डेनपर्यंत प्रवासी बोटी जातात, तास-पाऊण तास लागतो. दिवसभरासाठी भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या बोटीही आहेत, त्यांना चालवायचा परवाना लागत नाही. आणि काहीच नको असेल तर काठानं चालत जा. पूर्वी घोडे ज्या वाटेनं बोटी ओढत ती वाट फुकट आहे.

मेडा हिलचा बोगदा, फुटलेला पूल आणि माझं सुकाणू

मेडा हिलचा बोगदा अडीचशे मीटरचा. आत एका वेळी एकच बोट मावते, म्हणून आधी तोंडाशी थांबून समोरून दिवा येत नाही ना ते बघायचं. आत गार वाफ अंगावर येते. बाहेर बत्तीस अंश होतं. लंडनला हा उकाडा म्हणजे बातमी.

पुढं रीजंट्स पार्कच्या कडेनं दोन्हीकडे गर्द झाडी. इथं मॅकल्सफील्ड ब्रिज आहे, ज्याला लोक 'ब्लो-अप ब्रिज' म्हणतात. २ ऑक्टोबर १८७४च्या पहाटे 'टिलबरी' नावाची बोट दारूगोळा आणि पेट्रोलियम घेऊन बरोबर याच पुलाखाली असताना उडाली. बोटीवरचे तिघे गेले, पूल गेला. पूल पुन्हा उभारला तेव्हा ओतीव लोखंडाचे तेच खांब वापरले, पण फिरवून बसवले. भाच्यानं बोट अगदी काठाला नेली आणि म्हणाला, "हात लावून बघा." खांबाच्या धारेवर दोराच्या खाचा. बोटं आत जातील एवढ्या खोल. जुन्या आडाच्या काठावरच्या दगडाला पोहऱ्याच्या दोरानं पडतात ना, हुबेहूब तशा. घोडा पुढं, बोट मागं, मधला ओला, रेतीनं भरलेला दोर खांबाला घासत जायचा. आणि गंमत म्हणजे खाचा दोन्ही बाजूंना आहेत. एका बाजूच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या नंतरच्या. आमची ही एवढा वेळ आतून बटाटे सोलत होती, तीसुद्धा हात पुसत बाहेर आली.

झू कालव्याच्या दोन्ही काठांवर पसरलेला आहे. डावीकडे साठच्या दशकात बांधलेला पक्ष्यांचा भला मोठा टोकदार जाळीचा पिंजरा लागतो. आता त्यात पक्षी नाहीत, काळी-पांढरी माकडं आहेत.

इथं कालवा रुंद दिसला म्हणून भाच्यानं सुकाणू माझ्या हातात दिलं. बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. डोक्याला कळतं, हाताला नाही. शिवाय आपण सत्तावन्न फुटांच्या मागच्या टोकाला उभे. आपण काय केलं ते पुढच्या टोकाला कळायला वेळ लागतो. खात्यातल्या पत्रव्यवहारासारखं. तोवर आपण घाबरून दुप्पट ढकललेलं असतं. बोटीचं नाक सरळ झुडपात घुसलं. तेवढ्यात समोरून पर्यटकांची बोट आली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हिनं आतून विचारलं, "आलं का व्हिक्टोरिया पार्क?"

प्रिमरोझ हिलच्या पुलाखालून जाताना भाच्यानं वर बोट दाखवलं. इथून पायी थोड्याच अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकताना बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. आम्ही गुरुवारीच जाऊन आलो होतो. बाकी लोक तिथं जातात ते बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या, राज्यघटनेच्या ओढीनं. मला आणखी एक कारण होतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते तेव्हा पाटबंधारे त्यांच्याकडेच होतं आणि त्यांच्याच सल्ल्यानं १९४५ साली आजच्या केंद्रीय जल आयोगाची स्थापना झाली. तेव्हाचं त्याचं नाव 'सेंट्रल वॉटरवेज, इरिगेशन अँड नॅव्हिगेशन कमिशन'. नावातलं नॅव्हिगेशन पुढं गळलं. नोकरीत हे नाव मी जुन्या कागदांवर कितीदा वाचलं असेल, पण कालव्यातून माणसं बोटीनं जाताहेत हे डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. आमच्या कालव्यात तरंगताना दिसायच्या त्या बाटल्या, निर्माल्य आणि एकदा एक गादी.

कॅम्डेन : तीन लॉक आणि एक चावी

कॅम्डेनपर्यंत कालवा एका पातळीत आहे. हे मला फार लागलं. आमचा कालवा किलोमीटरला एखादी वीत तरी उतरतो, नाहीतर पाणी शेतकऱ्यापर्यंत जाणार कसं? इथं पाण्यानं कुठं जायचंच नाही. ते उभं राहायला आहे. मग कॅम्डेनपासून लाइमहाउसपर्यंत बारा पायऱ्यांत सव्वीसेक मीटर खाली. आम्ही जिथं फॉल, म्हणजे पाणी खाली पडायची पायरी, बांधला असता तिथं यांनी लॉक बांधलंय. फॉलवरून पाणी उतरतं, बोट उतरत नाही.

लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला उभा हौद. तो काठोकाठ भरलेला हवा. वरचं दार उघडून बोट आत घ्यायची, दार लावायचं. मग खालच्या दारातल्या झडपा चावीनं वर उचलायच्या. पाणी खाली निघून जातं आणि बोट भिंतीलगत लिफ्टसारखी उतरते. दोन्हीकडे पाणी समान झालं की खालची दारं उघडतात. त्याआधी चार पैलवान आणले तरी नाही. दाराला वीसेक फुटांचा लाकडी दांडा असतो, त्याला पाठ लावायची आणि पायांनी रेटायचं. बोटीवर उभ्या असलेल्यानं एकच गोष्ट पाळायची. मागच्या दाराजवळ भिंतीवर असलेल्या पांढऱ्या रेघेच्या पुढं राहायचं. रेघेखाली दाराचा उंबरठा असतो. बोटीचं शेपूट त्यावर अडकलं तर पाणी उतरताना बोट तिरकी होऊन बुडते.

ही चावी म्हणजे एल आकाराचा लोखंडी हँडल. मी हातात घेतली आणि चौतीस वर्षं मागं गेलो. वितरिकेच्या गेटला आमचा पाटकरी हीच चावी लावायचा, फक्त दुप्पट जड. मी झडप उचलली. कट-कट-कट-कट, दात्यावर खटका पडत गेला. पाण्याचा आवाज आला आणि काठावर नूडल्स खात बसलेल्या शंभर-दीडशे पोरांनी माना वळवल्या. शनिवारी कॅम्डेनचा बाजार असतो. लॉकच्या दांड्यांवरच लोक बसतात, त्यांना उठवावं लागतं. निळा टी-शर्ट घातलेले एक स्वयंसेवक ते काम करत होते. निवृत्त बसचालक. मी त्यांना दाराच्या फटीतून उडणारी पिचकारी दाखवली. ते म्हणाले, "ओक लाकडाचं दार आहे, वीस-पंचवीस वर्षं टिकतं, मग गळतंच." मी आमच्या गेटच्या रबरी सीलची कथा सांगितली. आम्हा दोघांचं उत्तम जमलं. भाचा ओरडला, "मामा, बोट!"

इथं मी मनातल्या मनात हिशेब केला. हौद साधारण चोवीस मीटर लांब, साडेचार रुंद, उतार अडीचच्या आतबाहेर. म्हणजे एकदा बोट उतरवायला अडीच लाख लिटरच्या वर पाणी. दहा हजारी टँकर पकडले तर पंचवीस! माणच्या एखाद्या वस्तीचा उन्हाळा निघेल. हिला सांगितलं तर म्हणाली, "इथं तरी नका."

म्हणूनच दोन बोटी मिळून उतरण्याची रीत आहे. लॉक दोन बोटी शेजारी-शेजारी मावतील एवढं रुंद असतं. आमच्या जोडीला साठीची एक बाई आली, बोटीवर एकटी. स्वतः सुकाणू धरते, उडी मारून काठावर जाते, दोर बांधते, चावी फिरवते, परत उडी. सव्वीस वर्षं बोटीवर राहतेय. पुढचे बहुतेक लॉक आम्ही मिळून केले.

हॅम्पस्टेड रोड लॉक झालं, हॉली झालं. केंटिश टाउन लॉकला माझ्या घामट हातातून चावी निसटली आणि गुडूप. मी अपराधी चेहरा करून उभा. भाचेसुनेनं काही न बोलता दोराला बांधलेलं जाडजूड लोहचुंबक आणलं आणि पाण्यात सोडलं. विहिरीत पडलेली बादली काढायला आजोळी गळ टाकायचे, त्याची आठवण झाली. पहिल्या खेपेला सायकलची साखळी आली, दुसऱ्या खेपेला कुणा दुसऱ्याचीच गंजकी चावी आणि चौथ्यांदा आमची. म्हणजे फायद्यातच राहिलो.

लॉकवर काम करायचं असेल तर चांगली पकड असलेले बूट घाला, दोर हाताला गुंडाळू नका, आणि झडप उचलून झाल्यावर चावी तशीच दांड्यावर ठेवू नका; खटका सुटला तर ती गरगर फिरून मनगट मोडते. आणि कॅम्डेन शक्यतो सकाळी दहाच्या आत गाठा.

किंग्ज क्रॉस : थालीपीठ आणि बर्फ

सेंट पँक्रास लॉकच्या शेजारी जुन्या गॅसटाक्यांचे गोल लोखंडी सांगाडे उभे आहेत, त्यांच्या पोटात आता फ्लॅट बांधलेत. पुढं १८५२चं धान्याचं कोठार, त्यात कलामहाविद्यालय. समोरच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. उन्हामुळे त्या माणसांनी गच्च भरल्या होत्या. पंढरपूरच्या घाटाची आठवण झाली, आषाढी होऊन सहाच दिवस झाले होते. वारकरीही भेटले. वारकरी म्हणजे पक्षी, काळा, कपाळावर पांढरा टिळा. उजनीच्या पाण्यावर थव्यानं दिसतो तोच. इथल्या एका जोडप्यानं वेफर्सची पाकिटं, निळी दोरी आणि एक मोजा वापरून घरटं केलं होतं. वर बसलेली आई आमच्याकडे बघून जागची हलली नाही.

इस्लिंग्टन बोगद्याच्या अलीकडे दोर बांधून जेवलो. हिनं पुण्याहून आणलेल्या भाजणीची थालीपीठं, लोणी, बटाट्याची भाजी. वास शेजारच्या बोटीवर गेला. त्या बाईंना एक दिलं. त्यांनी भोकं कशासाठी असतात असं विचारलं आणि हिनं तिच्या इंग्रजीत तेल सोडून दाखवलं. तासाभरात दोघींचं हितगुज इतकं रंगलं की कोणत्या भाषेत चाललंय ते कळेना.

समोर बॅटलब्रिज बेसिनमध्ये कालव्याचं संग्रहालय आहे. वेळ असेल तर जरूर बघा. ती इमारत मुळात कार्लो गाटी या आइस्क्रीमवाल्याचं बर्फाचं गोदाम. नॉर्वेतून जहाजानं बर्फ लाइमहाउसला यायचा, तिथून कालव्यानं इथं आणि खोल विहिरींत साठवायचा. मुंबईतही एके काळी अमेरिकेतून जहाजानं बर्फ येत असे. बत्तीस अंशांत हे वाचताना जीव गार झाला.

इस्लिंग्टनचा बोगदा ते व्हिक्टोरिया पार्क

इस्लिंग्टनचा बोगदा ८७८ मीटर, सरळसोट. या तोंडातून पलीकडचं तोंड टिकलीएवढं दिसतं. आत घोड्याची वाट नाही. घोडा वरून रस्त्यानं टेकडी ओलांडायचा आणि माणसं बोटीवर उताणी झोपून भिंतीवर पायांनी चालत बोट पुढं ढकलायची. १८२६मध्ये साखळीवर चालणारी वाफेची बोट आली तेव्हा सुटका झाली. आम्हाला वीस मिनिटं लागली. मधोमध भाच्यानं दिवा सोडून बाकी सगळं बंद केलं. छतातून टिपटिप पाणी. मी विचारलं, "ही गळती कोण बघतं?" उत्तर आलं नाही.

पलीकडे सिटी रोड लॉक, मग स्टर्ट्स, मग ॲक्टन्स. बहुतेक ठिकाणी पूर्वी लॉकची जोडी होती, वाहतूक तेवढी होती म्हणून. आता कॅम्डेनचं एक सोडलं तर जोडीतल्या एकाचा फॉल करून टाकलाय. म्हणजे शेवटी आमच्याच वळणावर आले. या टप्प्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. काचेच्या इमारती, कॅफे, सायकली. ऊन तिरकं झालं, पाय दुखायला लागले आणि प्रत्येक लॉक मागच्यापेक्षा जड वाटू लागलं. ॲक्टन्स लॉकच्या पुढच्या पुलाजवळ ब्रॉडवे मार्केट भरतं, तिथं उतरून स्ट्रॉबेरी घेतल्या, त्या बांधून होईपर्यंत संपल्या.

व्हिक्टोरिया पार्कला पोचलो साडेसहाला. काठावर जागा नाही. शनिवार आणि उन्हाळा. बोटीला बोट खेटून. भाचेसुनेचा चेहरा उतरला. तेवढ्यात पुढून हाक आली. आमच्या जोडीदारीण बाई दोन लॉक आधी पुढं सटकल्या होत्या, त्यांना ओल्ड फोर्ड लॉकच्या वरच्या अंगाला काठ मिळाला होता. "माझ्या बाजूला बांधा," म्हणाल्या. बोटीला बोट बांधायची तर आधी विचारायचं आणि दुसऱ्याच्या बोटीवरून ये-जा करताना त्याच्या पुढच्या टोकाकडूनच जायचं, हा इथला शिष्टाचार. सकाळपासून बारा-चौदा किलोमीटर आणि सात लॉक झाले होते. पुण्यात एवढ्या वेळात मी महाबळेश्वरला जाऊन परत आलो असतो.

रात्री

अडीचच्या सुमारास जाग आली. काहीतरी चुकत होतं. लॉककडून पाण्याचा आवाज येत होता, तो संध्याकाळपेक्षा वेगळा, भरीव. आणि मी हिच्या अंगावर घरंगळत होतो. बोट कललेली. बाहेर येऊन टॉर्च मारला तर दोर ताणून तारेसारखे झालेले आणि काठाच्या दगडावर चार बोटं ओला पट्टा. पातळी उतरली होती.

भाच्याला उठवलं. शेजारच्या बाईही गाऊनवर जाकीट चढवून आल्या. त्यांना आवाजानंच कळलं होतं. ओल्ड फोर्ड लॉकवर गेलो तर वरच्या दाराची एक आणि खालच्या दाराची एक, अशा दोन झडपा अर्धवट उघड्या. कुणी रात्री बोट काढून घाईनं गेलं असेल, किंवा पोरांनी मस्ती केली असेल. पाणी सरळ आरपार चाललं होतं. दीड-एक क्युसेक असावं. एक चारी आरामात भिजली असती.

भाच्यानं चावी पुढं केली. माझ्याकडे. मी खटका उचलला आणि झडप हळूहळू खाली बसवली, मग दुसरी. आवाज बारीक होत होत थांबला. फक्त दाराच्या फटीतली पिचकारी राहिली. बाईंनी तिच्यावर टॉर्च मारला आणि मान हलवली. मीही हलवली.

सकाळी सहाला पुन्हा जाऊन बघितलं. दोन बोटं चढलं होतं.